निशिकांतच्या बुटातली गादी

स्वतःच्या पायांचा एवढा अभिमान असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. निशिकांत इथे परदेशात, यिशुन भागात, आमच्याच ब्लॉकमध्ये राहतो. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघतो, आठवडाभर एसीत बसून पाठ आखडून घेतो आणि रविवार उजाडला की आम्हा मराठी मंडळींना हाकत मॅकरिचीच्या जंगलात नेतो. त्याला डायबेटीस आहे, तोही जुना. पॉलिक्लिनिकची डॉक्टरीण पाय तपासायला बोलावत राहते आणि हा टाळत राहतो. "दुखेल तेव्हा जाईन," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मला त्या उत्तराचा राग यायचा. अजून येतो.

यंदा साठी पुरी होणार म्हणून त्याने मुलीबरोबर, अनुयाबरोबर, किनाबालूचा डोंगर चढायचं ठरवलं. अनुया बुओना व्हिस्टाच्या एका लॅबमध्ये काम करते, बापाशी तिचं बोलणं निम्मं इंग्रजीत, पण या चढाईवर दोघांचा सारखाच जीव. निशिकांतचे ट्रेकचे बूट जुने होते, फक्त आतल्या गाद्या, म्हणजे इनसोल, पार चपट्या झाल्या होत्या. "बूट नाही बदलायचे, गाद्या बदलायच्या," असं जाहीर करून तो मला दुकानात घेऊन गेला.

तिथल्या मुलीने शांतपणे समजावलं. एक गादी कडक, पावलाच्या कमानीला आधार देणारी. एक मऊ, जेलची. एक टाचेला धरून ठेवणारी, तिलाही कमानीखाली टणक उंचवटा. प्रत्येक घालून दुकानातल्या त्या उतरत्या फळीवर चालून बघा, कुठे बोचलं तर सांगा, ती म्हणाली. निशिकांत चालला. "छान." दुसरी घातली. "हीपण छान." तिसरी घालून तो वरखाली दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "उल्हास, ही म्हणजे एकदम मस्त!"

मुलीने बूट पाहिले आणि ती हसायला लागली. त्याने डावी गादी उजव्या बुटात घातली होती, उजवी डाव्यात. कमानीचा तो टणक उंचवटा पावलाच्या बाहेरच्या कडेखाली आला होता. मी मुद्दाम त्याच बुटांत पाय घालून पाहिले. एक पाऊल टाकलं आणि आई गं म्हणून खाली बसलो.

"तुला खरंच काही कळलं नाही?" मी विचारलं.

"कळायचंय काय त्यात? बूट आरामशीर आहेत माझे."

ज्याला काहीच टोचत नाही, तो गादी निवडणार कशावरून? मी डॉक्टरचं नाव काढलं तेव्हा त्याने पाकीट काढलं आणि तीच गादी घेतली. घरी जुनी गादी वर ठेवून, कड आखून नवी कापायची, असं त्या मुलीने बजावलं होतं. साहेबांनी नजरेच्या अंदाजाने कापली.

रविवारी मी त्याला बोलवायला वर गेलो तेव्हा तो पूजा आटोपून, कपाळाला गंध लावून, दारातल्या स्टुलावर बसला होता. सुलेखावहिनी ओट्यापाशी नैवेद्याचं करत होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "अहो, बुटात एकदा हात घालून बघा, आत काही दुमडलंय का."

"आत्ता पूजेवरून उठलोय. या हातांनी बूट चाचपू?"

"मग थांबा, मी बघते."

"तू नैवेद्य करतेयस ना? राहू दे."

"अरे, साबण नाही का तुमच्या घरात?" मी चिडून म्हणालो. त्याने नुसत्या पायानेच ढकलून बूट चढवले, एका बुटाच्या टोकाने दुसऱ्याच्या नाड्या ओढल्यासारख्या केल्या, शेवटी बोटांच्या चिमटीत धरून बांधल्या.

जंगलात त्या दिवशी हवा दाटून आली होती. सगळे कुरकुरत होते, कुणाची टाच, कुणाचा गुडघा. निशिकांत सगळ्यांच्या पुढे. मधूनच वळून ओरडायचा, "बघा, गादी कशी निवडली!" मला त्याची पाठ दिसत होती आणि त्या खुशीचीच भीती वाटत होती.

परत आल्यावर त्याने बूट दाराबाहेर रॅकवर ठेवले, मोजे न बघताच काढून बुटांत टाकले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. पांढऱ्या लाद्यांवर त्याच्यामागून लाल ठसे उमटत गेले. वहिनी किंचाळल्या. हा पेला हातात धरून वळला, लाद्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाला लागलं?"

गादीचं लांब राहिलेलं टोक बुटात दुमडलं होतं. त्या घडीने त्याच्या अंगठ्याखालचं कातडं सोलून काढलं होतं. "बूट चावला, एवढंच," म्हणून त्याने हळद दाबली, पट्टी बांधली आणि सोमवारी ऑफिसला गेला. मी भांडलो, वहिनी रडल्या, पण दुखत नव्हतं ना! अंगठा काळा पडू लागला आणि घरात वास यायला लागला, तेव्हा अनुयाने टॅक्सी बोलावली. "बाबा, नो मोअर डिस्कशन लाह," ती इथल्या बोलीत म्हणाली. "चला."

हॉस्पिटलमध्ये दाखल करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, अंगठा उद्या काढावा लागेल. पाऊल वाचेल का, ते नंतर कळेल. दुसऱ्या पायाच्या बधिरपणाचंही त्यांनी काहीतरी सांगितलं, पण निशिकांत डॉक्टरला विचारत होता की किनाबालूची तारीख पुढे ढकलावी लागेल का.

त्याच दिवशी अनुयाचा वाढदिवस होता. संध्याकाळी लॅबमधून ती थेट वॉर्डात आली. आईला नमस्कार केला, मला केला, मग पलंगाच्या पायथ्याशी गेली. निशिकांतने सवयीने डोळे मिटले, आशीर्वादाला हात उचलला. तिने चादर सारली, एक हात पट्टीच्या वर घोट्यावर आणि दुसरा त्या धडधाकट पायावर ठेवला, आणि वाकून तशीच राहिली.

निशिकांतचा हात हवेत होता.

"अगं, कर की नमस्कार," तो डोळे मिटूनच म्हणाला. "थांबलीस का?"

"करतेय, बाबा."

त्याने डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही पायांवरच्या तिच्या हातांकडे. उचललेला हात त्याने खाली घेतला नाही आणि आशीर्वादही दिला नाही. मला तिथे उभं राहवलं नाही. मी वहिनींचा हात धरला आणि त्यांना बाहेर घेऊन आलो.