जांभळीचं नाव ठेवणारी

अर्चना गेल्याचं मला तिच्या थोरल्या चुलत्यांनी, अण्णांनी, फोनवर सांगितलं. “सलीम, आपली अर्ची गेली...” मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी कासारवाडी स्टेशनच्या जिन्यातच बसलो. वयानं माझ्याहून लहान होती ती. आणि अण्णांचं ते ‘आपली’... याच माणसानं एकदा आमच्या ऑफिसात उभं राहून तिला ‘तू आमची न्हाईस’ म्हणून सुनावलं होतं.

पिंपरीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही मोबाइलवरचे गेम बनवायचो. मी पात्रं काढायचो, ती त्यांची गोष्ट लिहायची आणि नावं ठेवायची. चाकणकडच्या जुन्या शेतकरी घरातली मुलगी. तिची नावं मातीतूनच यायची. वाट दाखवणारा म्हातारा पाणंद्या, कारण शेतांमधून जाते ती पाणंद. सगळं गिळत येणारा राक्षस चोपण, कारण चोपण जमिनीत काही उगवत नाही. आणि त्याच्यापुढे धावणारी नायिका जांभळी. बांधावर जांभूळ होतं म्हणून त्यांच्या शेतालाच जांभळी म्हणत. ते शेत अण्णांनी कारखान्याला विकलं, तेव्हापासून अर्चनाचे वडील सख्ख्या भावाशी शेवटपर्यंत बोलले नाहीत.

गेम बाजारात यायच्या आधी तिनं तो गावातल्या चुलत भावंडांना खेळून बघायला दिला होता. एका दुपारी अण्णा गावातल्या दोघांना घेऊन ऑफिसात आले. एकानं दार लोटून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. आमचे मालक खुर्चीतून अर्धवट उठले.

“नाव काढ ते,” अण्णा तिला म्हणाले. “दिसभर गल्लीत पोरं वरडत्यात... जांभळी मेली, जांभळी मेली. माझ्याकडं बघून हसत्यात. आमी ती इकली गं, मारली न्हाई!”

“निदान कुणीतरी नाव घेतंय, अण्णा. तुमच्या घरात घेतं का कोणी?”

अण्णांचा हात वर गेला. मी मधे सरकलो. दाराजवळचा माणूस पुढे आला. अर्चना जागची हलली नाही. हात तसाच खाली आला. “तू आमची न्हाईस,” एवढं बोलून अण्णा वळले.

तेवढ्यात मालक घाईघाईनं म्हणाले, “अण्णा, थांबा, उद्याच बदलतो. काहीतरी सोपं ठेवू, परदेशातही चालेल असं.”

“नाव बदलणार नाही,” ती म्हणाली. “मी तिचं मरणं बदलते.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही भिडलो. खेळणारा हरला की जांभळी पडायची, माती काळी व्हायची, तिथून जांभळाचा कोंब फुटायचा आणि त्यातून ती पुन्हा उभी राहायची. माझी सगळी चित्रं नव्यानं काढायची होती, गेम लांबणार होता. मालक भडकले, हट्ट सोडला नाहीस तर श्रेयनामावलीत तुझं नाव राहणार नाही, म्हणाले. “माझं काढा,” ती म्हणाली, “तिचं ठेवा.” त्यांनी खरंच काढलं. आजही त्या गेममध्ये अर्चनाचं नाव कुठेच नाही.

अण्णांनी तो गेम सुनेकडून खेळवून घेतला. मग एके दिवशी अर्चनाला त्यांचा फोन आला. जांभळीचा विषय नाही, माफी नाही. “ओढ्यापल्याडच्या पट्टीला काय म्हणायचो, म्हाईत हाय का तुला?” एवढंच. त्यानंतर शेतांची जुनी नावं सांगणारे ते फोन येतच राहिले.

आळंदीला, इंद्रायणीच्या घाटावर तिच्या दहाव्याला अण्णा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. “पुढच्या खेळात एखादीला अर्चीचं नाव द्या,” म्हणाले. मला लगेच हो म्हणवेना. अर्चनाची एक रीत होती. कुठलंही नाव पक्कं करण्याआधी ती ऑफिसच्या गच्चीवर जाऊन ते मोठ्यानं पुकारायची. म्हणायची, “शेताच्या या टोकाहून त्या टोकाला हाक पोचली पाहिजे, सलीम. नाहीतर ते नाव कसलं?” खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघायची, ही हसायची.

परवा मी त्या गच्चीवर गेलो. खाली कंपन्यांच्या बस शिफ्ट सुटलेली माणसं घेऊन चालल्या होत्या. कठड्याला धरून, छातीत मावेल तेवढा श्वास घेऊन हाक मारली... अर्चनाऽऽ!

पलीकडच्या इमारतीत कपडे वाळत घालणारी एक बाई चमकून वळली. “काय ओ?” तिनं तिथूनच विचारलं.