पाठमोरा टॅब

रजनीबाईंचा राग मराठीत सुरू व्हायचा आणि उर्दूत संपायचा. राहायला तारनाक्याला, नोकरी विद्यानगरच्या मराठी शाळेत; उभा जन्म चौथीच्या पोरांना वाचायला शिकवण्यात गेला. घरी मोडकीतोडकी मराठी, गल्लीत उर्दू, दुकानात तेलुगू, अशी ही पोरं. मराठीचं पुस्तक उघडलं की त्यांच्या पोटात दुखायचं. त्यांना अक्षराला अक्षर जोडायला लावता लावता बाईंचा घसा बसायचा.

यंदा शाळेत टॅब आले. पोरानं धडा मोठ्यानं वाचायचा, टॅबनं तारे द्यायचे. पण त्यातच एक बटण होतं. ते दाबलं की टॅबच गोड आवाजात धडा वाचून दाखवी. पोरं कसली बिलंदर! ऐकून ऐकून सगळे धडे तोंडपाठ केले. अक्षराकडे बघतंय कोण? सगळ्यांना पाच-पाच तारे.

एकटी स्नेहा ते बटण दाबत नसे. ओळीवर बोट ठेवून, अडखळत, घाम पुसत ती खरोखर वाचायची. तिला मिळायचे दोन तारे.

"ही मागे पडलीय," हेडमास्तर हणमंतराव म्हणाले. "टॅब बघायला पाहुणे येतील तेव्हा तिला मागं बसवा."

"सर, अख्ख्या वर्गात तीच एक वाचते हो!"

"तारे बघा ना, बाई."

शी! बाईंना त्या ताऱ्यांची शिसारी आली.

पाहुण्यांसमोर पाच ताऱ्यांचा कुलदीप टॅब धरून घडाघडा सुरू झाला. बाईंना राहवेना. त्या तरातरा पुढे गेल्या, त्याच्या हातातला टॅब घेतला आणि पडदा पाहुण्यांकडे फिरवला. कुलदीपसमोर टॅबची काळी पाठ. आता तरी यांना कळेल!

कुलदीप त्या काळ्या पाठीकडे बघत तसाच घडाघडा बोलत राहिला.

"अरे वा, तोंडपाठ! क्या बात है!" पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. हणमंतराव फुलून गेले. तो टॅब भिंतीवर आपटावा असं बाईंना वाटलं. मागच्या बाकावरून स्नेहा सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती उड्या मारत आली. "बाई, मला पण पाच तारे! कुलदीपनं बटण दाखवलं."

बाईंनी खडू उचलला, फळ्यावर एक साधी ओळ लिहिली. "हे वाच, बाळा."

स्नेहानं बोट उचललं नाही. ती फळ्याकडे नाही, बाईंच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"बाई, आधी तुम्ही म्हणा ना."