हत्ती नसलेली भिंत

मला हत्ती कधी काढता आला नाही. मोर काढायला गेले तर त्याची कोंबडी व्हायची. पण सारवलेल्या भिंतीला चुन्याचा हात दिला, की माझे हात शिवशिवायचे. लग्न होऊन पालीला आले तेव्हापासून दर दिवाळीला परसातली भिंत माझी. तांबडी काव, हळद, चुलीवरची काजळी, आणि कुणी बीडच्या बाजारातून आणली तर नीळ. शिंदीची काडी ठेचून तिचा कुंचला करायचा, नाहीतर सरळ तळहातानं रंग ओढायचा. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. एका रंगाच्या शेजारी दुसरा नीट बसला की मनातलं काहीतरी जागेवर यायचं आणि मी थांबायची. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या म्हणायच्या, "परसात कर काय करायचं ते. दारात नको."

धाकट्या नणंदेला बघायला आष्टीहून पाव्हणे येणार असा निरोप आला. दर्शनी भिंतीवर हत्ती काढून द्यायचं कबूल केलेला चितारी नेमका तापानं पडला. आत्या हवालदिल झाल्या.

मी म्हटलं, "मी रंगवते."

"हत्ती येतो का तुला?"

"न्हाई येत. मला येतं ते काढते. वाईट दिसलं तर वरून चुना मारू."

खाली काजळीचा रुंद काळा पट्टा दिला. त्यातून वर चढणारी काव, कावेच्या अंगावर हळद, आणि डाव्या बाजूला चुना तसाच मोकळा सोडला. मला त्यात तलवाड्याचं माझं माहेर दिसत होतं. उन्हाळ्यात नांगरून टाकलेलं काळं रान आणि त्यावर टेकलेली तांबडी संध्याकाळ. मामंजींनी जाता जाता मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "गंज चांगली रचलीय कडब्याची." नणंद मात्र त्या मोकळ्या जागेकडं बघत होती. "वैनी, ही वाट हाय नव्हं?" मी कुणालाच नाही म्हटलं नाही.

आष्टी म्हणजे मोगलाईची अगदी कड. पलीकडं नगरचा इंग्रजी मुलूख. आष्टीहून मजल दरमजल करत गाड्या आल्या. पुढच्या गाडीतून मुलाची आई उतरली. नवऱ्याच्या माघारी जमीनजुमला, तहसिलीतली कामं, सगळं तिच्याच हातात होतं, म्हणून सोयरीक बघायलाही ती स्वतः आली होती. पाय धुवायला पाणी दिलं, पण ती भिंतीपुढं उभी राहिली ती हलेना.

"ही आग कुणी काढली?"

मुलगी बघायला यावं आणि दारात आग दिसावी, याचा अर्थ काय लावतील हे सगळ्यांना कळत होतं. आत्या घाईनं पुढं झाल्या. "आग कशाची हो, सुनेनं उगं रंग फासलाय. आत्ता पुसून टाकते."

त्या खरंच चुन्याच्या बादलीकडं वळल्या. पाव्हण्यांसमोर सुनेनं बोलायची रीत नव्हती, पण भिंत माझी होती. मी पदर सावरून पुढं आले.

"मी काढलीय. आग म्हणून काढली न्हाई. पण तुमाला दिसली असंल, तर ती तिथं हाय."

मुलाची आई आत्यांना म्हणाली, "पुसू नका."

आणि पाय न धुताच ती ओट्यावर बसली. तिची नजर भिंतीवरच होती. "नवी नवरी होते मी. गडीमाणसं बाजाराला गेलती. गोठा पेटला. ओली वाकळ अंगावर घेतली अन् आत शिरले. इळ्यानं दावी कापली. बैल सगळे निघाले, एक गाय ऱ्हायली. लोक आजपतुर त्या गायीचंच बोलत्यात." मग हात लांब करून तिनं मोकळा सोडलेला चुना दाखवला. "हितनं आले मी बाहेर."

तिच्यासोबतचा दीर खाली बघत होता. हे सगळं तिच्या तोंडून त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

नणंदेला बाहेर आणलं तेव्हा तिला ना स्वयंपाकाचं विचारलं, ना चालून दाखवायला लावलं. मुलाची आई म्हणाली, "तुला काय दिसतं गं ह्यात?"

"वाट."

"कुठं जाती?"

"ते अजून दिसत न्हाई."

बाई हसली. पत्रिका, मानपान ही बोलणी पुढं झालीच, पण सोयरीक तिथंच ठरली होती. आत्यांनी मात्र लग्नाआधी बऱ्या झालेल्या चिताऱ्याला बोलावून भिंतीच्या कोपऱ्यात एक तुळस काढून घेतली, परत कुणी आग म्हणू नये म्हणून. तुळस छान होती. मी तिला हात लावला नाही.

पुढं मी नणंदेला भेटायला आष्टीला गेले, तर विहीणबाईंनी माझ्यासाठी भिंत सारवून तयार ठेवली होती. नणंदेचंही काहीबाही चाललं होतं. जुन्या लुगड्यांचे तुकडे ती चौकोनात न बसवता मनाला येतील तसे जोडायची आणि त्या गोधड्या सासू कौतुकानं पांघरायची. मी मन लावून भिंत रंगवली. या खेपेला नीळ भरपूर होती. विहीणबाई येऊन उभ्या राहिल्या, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"लई कष्ट केलेस पोरी," त्या म्हणाल्या. "पण ह्यात मला कायबी दिसत न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या. माझं मला दिसलंय."

मला वाईट वाटलं नाही. भिंत चांगली झाली होती, हे मला ठाऊक होतं. मी हात धुवायला विहिरीवर गेले. नीळ नखांतून लवकर निघत नाही, त्यामुळं वेळ लागला. परत आले तेव्हा सासूसुना भिंतीपुढं उभ्या होत्या. "कुठं? दाव की," सासू विचारत होती, आणि नणंद बोटानं तिला काहीतरी दाखवत होती.