पाखरांचा चीक आणि चार प्लग

दोगेभाऊंचं नाव आधी घेतो, मग बाकीचं सांगतो. ते आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका गावचे. उन्हाळ्यात चारोळी विकायला यायचे. त्यांच्यामुळे माझी नोकरी टिकली. ती टिकली म्हणून आज माझं स्वतःचं गॅरेज आहे.

रऊफभाईंच्या अंगणात मी पिकअपच्या बॉनेटखाली ओणवा उभा होतो. हातात फुटका प्लग होता.

रऊफभाई आलापल्लीतले बांगड्यांचे व्यापारी. मी सांगोल्याकडचा. आठवीत शाळा सुटली, एका डिझेल गॅरेजात हात काळे केले आणि ओळखीच्या ओळखीनं इतक्या लांब येऊन पोचलो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. नोकरीला लागताना मी सांगितलं होतं, "भाई, डिझेलचं काम येतं, पेट्रोलचं नाही."

"गाडी म्हणजे गाडी," भाई म्हणाले. "शिकशील. नाई शिकला तर बसस्टँड तुले माहीतच आहे."

हसत म्हणाले होते, पण त्या बसस्टँडमुळे मला रात्री झोप लागत नव्हती.

त्यांची पिकअप म्हणजे लिलावात घेतलेली जुनी पेट्रोल जीप. मागचा भाग कापून फळ्यांचा हौदा बसवला होता. ती चढावर आचके द्यायची. डिझेलला ठिणगी लागत नाही, पेट्रोल इंजिनाला लागते. ती ठिणगी पाडतो तो स्पार्क प्लग. खाली लोखंड, वर पांढरी चिनी माती. जुने प्लग काजळले होते. भाईंनी चंद्रपूरहून नवे चार आणले. जवळपास पेट्रोलचा मिस्त्री नव्हता, म्हणून काम घरीच करायचं ठरलं.

तीन प्लग निघाले. चौथा जाम होता. रॉकेल सोडलं, थोडं थांबलो, मग जोर लावला. पाना तिरका बसला आणि चिनी माती कट्कन फुटली. मग प्लग सुटला खरा, पण तो वर उचलताच कडेला पडलेला टवका घरंगळत थेट भोकात गेला.

त्या भोकाखाली पिस्टन वर-खाली पळतो. असा टवका आत ठेवून इंजिन चालू केलं तर सिलेंडरला ओरखडे पडतात आणि इंजिनाचं काम वाढतं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडायचं तर त्याखालची पट्टी, गॅस्केट, नवी लागणार, तीही चंद्रपूरहून. आणि दुसऱ्या दिवशी एटापल्लीचा बाजार. लग्नसराई होती. बांगड्यांच्या पेट्या ओसरीवर रचून तयार होत्या.

"काऊन रे, तोंड काऊन उतरलं?" भाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"अबे, एक हँडल मार ना. खुद निकल जाएगा."

"नको भाई! हँडलला कोणीच हात लावू नका."

मालकावर ओरडलो, हे ओरडून झाल्यावर कळलं. भाईंनी इंजिन फिरवायचं ते लोखंडी हँडल उचलून ओसरीवर नेऊन ठेवलं.

जुन्या स्पीकरचं लोहचुंबक तारेला बांधून आत सोडलं. चिनी माती त्याला कशाला दाद देते? तारेनं ओढायला गेलो तर टवका आणखी आत सरकला. बॅटरीच्या उजेडात नुसता पांढरा दिसत राहायचा.

दोगेभाऊ ओसरीच्या पायरीवर बसून हे बघत होते. आणलेली चारोळी भाईंना मापून देऊन झाली होती. गावी परतताना दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत आमच्याच गाडीतून जायचं, म्हणून मुक्कामाला थांबले होते. ते उठले आणि भोकात डोकावले.

"पाखरू बसलं का रे आत?"

"टवका आहे भाऊ. निघत नाही."

"मंग पाखरासारखाच धरू."

झोळीतून त्यांनी बांबूचं नळकांडं काढलं. आत झाडाच्या दुधाचा घट्ट चीक होता. तो काडीला लावून फांदीवर ठेवतात, पाखरू बसलं की पाय चिकटतो.

"हे जंगलाच्या गार्डाले नोको सांगू, पाखरं धराले बंदी हाय," ते म्हणाले.

"गार्ड इथी कुठी आहे?" भाई म्हणाले. "तू काडी टाक."

बांबूची बारीक काडी चिकात फिरवून दोगेभाऊंनी आत सोडली. टवक्याला टेकली, वर आली. रिकामी. पुन्हा टाकली. पुन्हा रिकामी.

त्यांनी काडीचं टोक बोटांत चोळलं. "तेल हाय. ओल्या पाखराले बी चिकटत नाई. ऊन चढू द्यावं लागते."

ऊन कुठून आत जाणार? पण तेल काढणं माझ्या ओळखीचं काम होतं. चिंधी पेट्रोलात पिळून तारेला गुंडाळली आणि हलक्या हातानं टवका पुसला. मग कोरडी चिंधी फिरवली. लगेच काडी मागितली तर दोगेभाऊंनी ती मागे घेतली.

"बस जरा. चाय पी."

मी उभ्यानंच कप रिकामा केला. भाई हिशेब करायच्या मिषानं माझ्याकडेच बघत होते. दोगेभाऊ मात्र बशीत ओतून, फुंकर घालून सावकाश प्यायले. मग उठले आणि काडी सोडली. काडी टेकवून बराच वेळ तशीच धरली. वर आली तेव्हा टोकाला टवका होता.

"उडालं नाई," ते म्हणाले.

भाईंनी टाळी वाजवली. मी टवका फुटक्या प्लगला जोडून पाहिला. काठावर एक खपली कमी होती.

"अभी क्या?" भाई ओरडले.

"पिल्लू राह्यलं," दोगेभाऊ म्हणाले, आणि काडी पुन्हा चिकात बुडवली. खपलीही निघाली. जोडल्यावर प्लग अख्खा दिसला.

नवे प्लग आधी हातानं फिरवून बसवले, मग पान्यानं बेतानं कसले. वायरी जागच्या जागी लावल्या. गाडी पहिल्या हँडलला लागली.

"बसस्टँड कॅन्सल," भाई म्हणाले. "आता जेव."

तेव्हापासून प्लग काढण्याआधी मी भोवतालची जागा झाडून, फुंकून घेतो आणि पाना सरळ बसवतो. गॅरेजातल्या पोरांना एवढंच सांगतो. बाकीचं अंगावर आलं की कळतं.

दुसऱ्या दिवशी दोगेभाऊ पुढच्या सीटवर बसले. पैसे घेतले नाहीत. मी इकडे येताना बल्लारशापर्यंत रेल्वेनं आलो होतो, हे वाटेत कळल्यावर ते विचारत राहिले, ती केवढी लांब असते, वळते कशी, आत माणसं झोपतात ते पडत नाहीत का. त्यांनी ती पाहिली नव्हती. मधल्या वर्षांत दोनदा त्यांच्या गावी जाऊन आलो. दोन्ही वेळा ते जंगलात गेलेले. पुन्हा जाईन, आणि या वेळी भेटेपर्यंत थांबेन. दोगेभाऊंना बल्लारशाहून रेल्वेत बसवायचं आहे, खिडकीजवळ. तिकीट माझं.