दिल्लीत पडलेले विधेयक आणि उत्तनचा मचवा

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. मिठाने भरलेल्या एका मचव्याची, म्हणजे शिडाच्या होडीची, घटना मात्र वेगळी राहिली. ती आजही आठवते, आणि का आठवते हे मला नीट सांगता येईल असे वाटते.

दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा तो काळ. मी नवा फौजदार होतो आणि भाईंदरची चौकी माझ्याकडे होती. चौकीच्या मागे मोरव्यापर्यंत मिठागरे पसरलेली. उन्हाळ्यात मिठाच्या राशींवर डोळे ठरत नसत. प्रत्येक राशीवर मीठ खात्याचा ठसा मारलेला असे. कर भरून परवाना मिळाल्याशिवाय त्या ठशाला हात लावायचा नाही, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक होते.

एका सकाळी आमचा खबऱ्या आला. तो नेहमी मागच्या दाराने येई आणि कुजबुजत बोले. त्या दिवशी तो पुढच्या दाराने आला.

"साहेब, उत्तनच्या नाखव्याने ठसा मोडून मीठ उचललं. मचवा भरून खाडीतून गेला."

"कधी?"

"आत्ताच. भर उन्हात. गाणी म्हणत चाललेत."

मला ते पटेना. करचुकवेगिरीची प्रकरणे मी पाहिली होती. त्यात गाणी नसत. पण खात्याची लेखी तक्रार दुपारपर्यंत आलीच. आम्ही उत्तनला गेलो, तेव्हा मचवा किनाऱ्याला लागलेला होता आणि बायका टोपल्यांनी मीठ उतरवत होत्या. कोणी पळाले नाही. पंचनामा सुरू झाला तेव्हा नाखव्याने स्वतः फळी आणून आम्हाला बसायला दिली. हातात बेड्या पडल्यावर मात्र त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

नाखवा म्हणजे मचव्याचा मालक. कॅथलिक कोळी, वयाने चाळिशीचा, मोजकेच बोलणारा. मीठ त्याने रीतसर विकत घेतलेले होते. फक्त कर भरून परवाना यायचा होता. दरवर्षी तो थांबे. या वर्षी थांबला नाही. मासळी खारवून सुकवायचे ते दिवस. त्याला तुरुंगवास झाला असता, तर मचवा किनाऱ्यावर पडून राहिला असता आणि पावसाळ्याचे चार महिने घरात चूल कशावर पेटणार, हा प्रश्नच होता.

ठाण्याच्या जिल्हा कचेरीतून मला वेगळी सूचना आली. लोकांमध्ये 'मिठाचा कर गेला' अशी अफवा आहे. यामागे कोणी चिथावणीखोर असावा, त्याला शोधून काढा.

मी नाखव्याचा जबाब घ्यायला बसलो.

"ठसा का मोडलास?"

"कर गेला म्हनून."

"कोणी सांगितलं?"

"सगल्यांना म्हाईत हाय."

"पण पहिल्यांदा कोण बोललं?"

हवालदाराने टेबलावर हात आपटून पाहिला, मग गोड बोलून पाहिले. "अरे, नाव सांग आणि घरी जा. तो काय तुझा सासरा लागतो?" नाखवा हसला, पण बोलला नाही. त्या गप्प बसण्यात उर्मटपणा नव्हता. तो कोणाला तरी सांभाळत होता.

मग मी त्याच्या खलाशांना एकेकटे बोलावले. सहसा चार माणसे एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगतात, आणि तिथेच आम्हाला धागा सापडतो. इथे उलट झाले. सगळ्यांचे सांगणे एकाच क्रमाने जाई. दिल्लीला मोठी सभा भरली, सरकारने कराचा मसुदा ठेवला, मते मोजली, सरकार हरले. गावगप्पा इतक्या सरळ चालत नाहीत. कोणीतरी हे सगळ्यांसमोर एकदाच, व्यवस्थित सांगितले होते.

नाखव्याची बायको रोज भाकरी घेऊन चौकीवर येई. तिसऱ्या खेपेला तिने हवालदारालाच धरले.

"चोर काय गानी बोलत येतो काय रे? तुमच्या नाक्यावरच्या शिपायाला माझ्या दादल्यानं हात करून 'देव बरं करो' म्हटलं. त्यानं पन हात केला!"

"बाई, कायदा म्हणजे कायदा."

"कायदा दिल्लीला पडला ना? मंग उठला कवा? आमाला कोन सांगनार? त्या ऐतवारी झावल्या वाटल्या, मिरवनूक झाली, मास्तर कायच बोलला न्हाय."

बोलून गेल्यावर तिने पदर तोंडावर धरला. मी ऐकलेच नाही असे दाखवले आणि सायकल काढून उत्तनला गेलो.

मास्तर गावच्या शाळेत शिकवत. बारीक अंगाचे, चष्मा नाकावर घसरलेला. रविवारी मिस्सा सुटली, की ते चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून वर्तमानपत्रातली आठवड्याची बातमी मराठीत समजावून सांगत. गावात वाचणारे मोजकेच. होड्या तीन-चार दिवस समुद्रात. गावाला जग कळे ते त्या पायऱ्यांवर. मला पाहताच त्यांनी पोरांना सुट्टी दिली.

"तुम्ही येणार हे माहीत होतं," ते म्हणाले. "मीच यायला हवं होतं. नोकरी जाईल या भीतीने आलो नाही."

त्यांनी सांगितले ते असे. मिठाचा कर दरसालच्या अर्थविधेयकात मंजूर होई. त्या वर्षी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाने ते विधेयकच फेटाळले. मास्तरांनी त्या रविवारी ते वाचून दाखवले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चारदोन दिवसांत व्हाइसरॉयने स्वतःच्या अधिकारात तेच विधेयक मंजूर करून टाकले. ती बातमी पुढच्या रविवारी वाचायची. पण तो झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार होता. पवित्र सप्ताहात पायऱ्यांवर प्रार्थनेशिवाय काही बोलायचे नाही, असा गावाचा रिवाज. म्हणून अर्धी बातमी गावात पोहोचली आणि अर्धी ईस्टर होण्याची वाट पाहत राहिली.

"मी खोटं काही सांगितलं नाही, साहेब."

"नाही," मी म्हणालो. "पण कोर्टात हे उभं राहून सांगावं लागेल."

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "सांगतो."

मी ठाण्याला अहवाल पाठवला: अफवा नव्हती, बातमी होती, सांगितली तेव्हा खरी होती. वरिष्ठांना तो आवडला नाही. त्यांना चिथावणीखोर हवा होता.

मॅजिस्ट्रेट म्हातारे, थोडे कमी ऐकू येणारे. मास्तरांनी सगळे सांगितले. नाखव्याने लपवाछपवी केली नाही, हे मीही साक्षीत सांगितले. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "सभेने विधेयक फेटाळले, हे खरे. व्हाइसरॉयसाहेबांनी ते मंजूर केले, हेही खरे. म्हणून कर लागू आहे. आरोपीला काही म्हणायचे आहे?"

नाखवा कठड्याला धरून उभा राहिला.

"सायेब, वरच्याला पायजे तेच करायचं व्हतं, तर मतं मोजली कशाला?"

मागे कोणीतरी हसले. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी टाक दौतीत बुडवला, आणि मला वाटते, उगीचच पुन्हा बुडवला. मग शिक्षा सुनावली: कोर्ट उठेपर्यंत कैद, म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहायचे. कर भरल्यावर मीठ परत.

संध्याकाळी नाखवा आणि मास्तर एकाच टांग्यातून परत गेले. बायको पुढे बसून दोघांनाही शिव्या घालत होती, हे हवालदाराने मला मुद्दाम येऊन सांगितले. मास्तरांची नोकरी राहिली. चर्चच्या फादरांनी शब्द टाकला होता, असे नंतर कळले.

स्वातंत्र्यानंतर लवकरच मी एका सणाच्या बंदोबस्तासाठी पुन्हा उत्तनला गेलो. मिठाचा कर तोवर उठला होता. दिल्लीत आता आपलीच माणसे राज्यघटना लिहीत होती आणि कायदेही करत होती. नाखवा बोंबील सुकत घालत होता. त्याने मला ओळखले.

"सायेब, आता दिल्लीला मतं पडली तर वरून कोन मोडतो काय?"

"नाही. आता सभा ठरवील तेच."

तो हातातला बोंबील तसाच धरून उभा राहिला.

"आनी सभेचंच चुकलं तर? तवा तरी त्या गोऱ्याचं नाव घेता यायचं."

"आता आपलंच नाव घ्यायचं."

"मंग मानूस पारखून धाडाया पायजे," तो म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.

कायदा दंडुक्याच्या धाकाने पाळला जातो, असे मला प्रशिक्षणात शिकवले होते. नाखव्याकडे पाहून मला वेगळेच दिसले. इतकी वर्षे तो कायदा पाळत आला होता, आणि ज्या दिवशी कोणीतरी त्याच्या वतीने मत दिले असे त्याला वाटले, त्या दिवशी तो गाणी म्हणत निघाला. त्यानंतर कोणत्याही कोठडीतल्या माणसाला 'का केलेस' असे विचारताना मी दंडुका बाजूला ठेवून आधी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसू लागलो.