झोपवलेल्या लेकराजवळ कोण होतं?

जाम गावच्या चौकात रुपाची चहाची टपरी आहे. तिथं ट्रकवालेसुद्धा जीभ सांभाळून बोलतात, कारण उलटं बोललं की रुपा झारा उगारते.

तिची मयुरी चार वर्षांची. दाढ किडून पोरीचा गाल सुजला. नालवाडीच्या दातांच्या डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं की ती चावे. म्हणून गुंगीचं औषध पाजून दाढ काढायचं ठरलं. "सकाळी उपाशी आणा," डॉक्टर फोनवर एवढंच बोलले.

निघताना सासूनं, शोभाबाईनं, नातीच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. मोठ्या कामाला निघालेलं माणूस कोरड्या तोंडानं उंबरा ओलांडत नाही. पोरीनं आणखी मागितली, तर आजीनं वाटीच पुढं केली. रुपानं अडवलं नाही. दहीसाखर म्हणजे शकुन, ते काय जेवण थोडंच!

दवाखान्यात कोणी काही विचारलं नाही. औषध पाजलं, मयुरी पेंगली, अन् डॉक्टर बाजूच्या खोलीत दुसरा पेशंट बघायला निघून गेले. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र टेबलावर तसंच पडलेलं. झोपेतच पोरीला दह्याची उलटी झाली. घसा घरघरला, ओठ निळे पडले.

"डॉक्टर! पोरगी मरून राह्यली माही!"

डॉक्टर धावत आले. त्यांनी मयुरीला कुशीवर वळवलं, नळीनं तोंड साफ केलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी मात्र कोणाला सापडेना. रुपानं सगळे खण उपसले, तेव्हा मिळाली. मास्क लागला. पोर खोकली, मग रडली. रुपा तिच्याजवळ बसून पाठ चोळू लागली.

पोरीच्या ओठांवर रंग आला, तसा डॉक्टरांना आवाज फुटला. "उपाशी आणा म्हटलं होतं ना? दही चारता? अडाणी कुठले!"

रुपा उठली.

"चुकली मी. पण दहीसाखर चालत नाई, हे मले सांगतलं कोणी? काय खाल्लं, हे तुमी काऊन नाई इचारलं? अन् झोपवलेल्या लेकराले सोडून कुठं गेलते? दूध उतू जाईल म्हणून मी टपरी सोडत नाई, डॉक्टर!"

"आता बरी आहे ती. घरी न्या."

"घरी? पोटातलं छातीत गेलं असंन तं? सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नेतो मी. अन् तुमी बी संगं चाला."

"माझे पेशंट बसलेत, बाई."

"हे लेकरू कोण हाय मंग?"

ऑटोत डॉक्टर सिलिंडर मांडीवर घेऊन बसले, मास्क पोरीच्या तोंडाशी धरून. यंत्र आता तिच्या बोटाला होतं. एकदा त्यांचा फोन वाजला, हात खिशाकडे गेला.

"तिच्याकडं पाहा," रुपा म्हणाली.

त्यांनी फोन वाजू दिला.