तळाशीलच्या वाळूतली आगगाडी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातली पहिली आगगाडी तळाशीलच्या वाळूत रुतली. तिचा इंजिनियर, स्टेशनमास्तर आणि गार्ड असे तिन्ही मीच असल्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती!

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमच्याकडे तेव्हा रेल्वे नव्हतीच. मी आचऱ्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि मुलांना रुळांच्या खुणा नकाशावर दाखवायचो, त्या सगळ्या सह्याद्रीच्या पलीकडे. मग एकदा बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने विलायतेहून एक खेळण्यातलं इंजिन आणलं. हिरवंगार, पितळी टोपीचं, विजेवर चालणारं. सोबत रूळही. त्याने ते आपल्या मुलासाठी आणलं होतं. ते माझ्याकडे कसं आलं हे आमच्या घराण्यात अजून उघडपणे बोललं जात नाही.

पण विलायती इंजिन आचऱ्यात शोभेल का? मी त्याला देशी करायचं ठरवलं. टोपी कापली, बॉयलर लांबवला (आमच्या हिच्या पावडरच्या डब्याचा पत्रा), पुढे लोखंडी जाळी बसवली, टॉर्चच्या बल्बचा डोळा लावला. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे माझे चार मिलिमीटर, यात तसूभर फरक चालायचा नाही! मापं घ्यायला मी कोल्हापूरला गेलो आणि स्टेशनात उभ्या असलेल्या इंजिनाला शिंप्याची टेप लावली. वरून ड्रायव्हर वाकून म्हणाला, "काय मास्तर, इंजिनाला कापडं शिवायची हैत काय?"

पुढे पत्र्याचे डबे केले आणि त्यांचे रिव्हेट, म्हणजे खिळ्यांची डोकी, मी सुईच्या टोकाने उठवले. रुळांखालचे स्लीपर उदबत्तीच्या काड्या तासून केले. खडी म्हणून जांभा चिरा कुटून तो रव्याच्या चाळणीतून चाळला. (त्यानंतर आमच्याकडचे रव्याचे लाडू कुणी दुसऱ्यांदा मागितले नाहीत.) एका लांब फळीवर 'आचरा रोड' नावाचं स्टेशन उभं राहिलं. माड, खाडी, खाडीवर पूल. संध्याकाळी दिवा मालवून मी गाडी सोडायचो. इंजिनाचा डोळा माडांच्या बुंध्यांवरून सरकत जायचा, आणि भात उतू जायच्या वासानेच मी भानावर यायचो.

"माणसाक बसाक मिळणा नाय, ती गाडी कसली?" नलू, म्हणजे आमची ही, म्हणायची. पण तीही हात पुसत पुसत उंबऱ्यावर उभी राहायची. गाडी पुलावर आली की तिचे हात थांबायचे.

नलूचं माहेर मालवणचं. तिचे वडील, आण्णा, निवृत्त हेडमास्तर. जावई म्हणजे वाया गेलेली जागा, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या वर्षी मालवणच्या शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं, आणि आण्णा त्याचे प्रमुख! नलूने माहेरी जाऊन परस्पर सांगून टाकलं की मधल्या टेबलावर आमची गाडी असेल. आण्णा मला म्हणाले, "जावईबापू, पाहुणे अकराला फीत कापतील. तेव्हा त्या टेबलावर काहीतरी असलं पाहिजे. एवढंच."

आता फळी न्यायची कशी? एस.टी.च्या कंडक्टरने ती बघितली आणि घंटीच मारली. ट्रकने नेली तर खड्ड्यांत रिव्हेट गळतील. फळी मधोमध कापा, असं नलूने सुचवलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही!

शेवटी आमचा मित्र पास्कू धावून आला. त्याची मच्छीमारीची होडी होती. "मास्तरानू, भियां नुको. समुद्राक खड्डे नाय."

खरंच नव्हते. पहाटे आम्ही निघालो. थंडीचे दिवस, वारा मऊ, पाणी तेलासारखं शांत. होडीच्या मधोमध माझी फळी, एका टोकाला पास्कू, दुसऱ्या टोकाला मांडीवर लाडवांचा डबा घेऊन नलू. सूर्य वर आला तशी मला शंका आली, धक्क्याने तारा तर सुटल्या नसतील? आचऱ्याच्या भजनी मंडळाची लाउडस्पीकरची बॅटरी मी सोबत घेतली होतीच. ती जोडली. फक्त तपासण्यापुरती!

आणि गाडी सुटली. समुद्रात! डावीकडे किनाऱ्याचे खरे माड, फळीवर माझे माड, आणि दोन्हींच्या मधून माझी गाडी चाललेली. कुठलं कुठे संपतं ते कळेना. पास्कू सुकाणू धरून नुसता बघत होता. नलूच्या मांडीवरचा डबा कलंडला होता, तिलाही पत्ता नव्हता.

तळाशीलपाशी आलो तेव्हा किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढणारी माणसं ओरडू लागली. "अरे पास्कू, होडयेत काय रे चलता?"

"आगगाडी!"

"खोटा!"

आता माझी विद्या कुणी खोटी म्हणावी? मी म्हटलं, "पास्कू, जरा काठाने घे. बघू दे त्यांना."

"मास्तरानू, ओहोटी लागली हा."

"जरासंच रे!"

पास्कूने होडी वळवली. तोंडाने ओहोटी म्हणत होता, पण डोळे पुलावर चढणाऱ्या गाडीवर! खस्स असा आवाज झाला आणि होडी एका अंगावर कलली. आम्ही खाडीच्या मुखावरच्या वाळूत रुतलो होतो.

"आता?" मी विचारलं.

"आता भरती," पास्कू म्हणाला. "दुपार कलल्यार."

अकराला फीत! मी कपाळाला हात लावला. पण रापणकऱ्यांनी तोवर होडीला खांदे लावले, होडी हलेना, म्हणून त्यांनी फळीच उचलली आणि मासळीच्या खोक्यांवर वाळूत मांडली. "मास्तर, चालू करा!"

बातमी वाडीत गेली. बाया आल्या, म्हातारे आले, कडेवरची पोरं आली. सगळे ओल्या वाळूत गोल बसले. एक काकी पुढे सरकली. "झिला, ही मुंबैक जाता?"

"काकी, हे प्रमाणबद्ध प्रारूप आहे," मी समजावू लागलो. "खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे..."

"जाता हां, काकी," नलू म्हणाली.

"मगे मुंबैक दिलेल्या माझ्या चेडवाक सांग, चतुर्थीक हीच गाडी धर म्हणान. एस.टी.त तिका उलट्यो होतत."

कुणी हसलं नाही. मग एकजण म्हणाला, "तळाशीलाक थांबा नाय?" झालं! थांबा नसलेली गाडी गावातून जाऊ देणार नाही, असं सगळ्यांचं एकमत झालं. नलूने वाळूतून एक मोठा शंख उचलला आणि रुळाशेजारी ठेवला. "ह्यां तळाशील स्टेशन."

"अगं, चार मिलिमीटरला एक फूट धरलास तर हा शंख दुमजली घराएवढा होतो!"

"गप रवा ओ. गाडी थांबवा."

मी गाडी थांबवली. टाळ्या पडल्या. आयुष्यात माझ्यासाठी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी नंतर दर फेरीला थांबवत राहिलो!

दुपारी सर्जेकोटच्या बाजूने एक होडी आली. तीत काळा कोट, धोतर आणि उघडी छत्री. आण्णा! ते वाळूत उतरले, धोतराचा सोगा हातात धरून तरातरा आले.

"पाहुण्यांनी रिकाम्या टेबलासमोर फीत कापली! रिकाम्या! मी त्यांना काय सांगितलं असेल?"

"काय सांगितलंत?" मी चाचरत विचारलं.

तेवढ्यात त्यांची नजर फळीवर गेली. गाडी शंखापाशी थांबली होती. आण्णांनी छत्री मिटली. ते वाकले, मग उकिडवे बसले, मग चक्क ओल्या वाळूत बसून डोळा रुळाच्या पातळीला आणला. कोटाची शेपटं पाण्यात.

"सोड रे ती," ते हळूच म्हणाले. हेडमास्तरांना मी प्रथमच प्रमाण मराठी सोडताना ऐकलं. "पुलार जावंदे."

गाडी पुलावर गेली. आम्ही सगळे बघत राहिलो. नलू उरलेले लाडू वाटायला म्हणून डबा आणायला होडीत चढली, तेही मला कळलं नाही. आणि भरतीही काही सांगून येत नाही! पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा कुणीतरी ओरडलं, "होडी सुटली!"

होडी तरंगत निघाली होती. तीत एकटी नलू! इकडे पाणी खोक्यांवर चढलेलं. एका बाजूला लग्नाची बायको, दुसऱ्या बाजूला सुईने उठवलेले रिव्हेट, आणि मधे उभे तिचे वडील!

मी झेप घेतली. हातात काय आलं ते बघितलं, तर इंजिन. ते मी छातीशी धरलं होतं.

आण्णा माझ्याकडे बघत होते. असं बघणं मी दहावीच्या पेपरात कॉपी पकडणाऱ्या पर्यवेक्षकाच्याच डोळ्यांत बघितलं होतं. तेवढ्यात होडीतून नलूचा आवाज आला. मी डोळे मिटले.

"अवो! गाडीचे डबे रवले! आधी डबे उचला डबे!"

पास्कूने पोहत जाऊन होडी धरली. मी, आण्णा आणि रापणकऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून डबे वेचले. आण्णांच्या कोटाच्या खिशातून गार्डाचा डबा निघाला. फळी मात्र फुगली, आचरा रोड स्टेशनाचं छप्पर भरतीबरोबर खाडीत निघून गेलं. संध्याकाळी आम्ही मालवणला पोचलो, ओले चिंब, हातात सुटे डबे. आण्णा वाटेत एकदाच बोलले, "पुलाचा उतार जरा कमी करायला हवा." मी त्या वाक्यावर पुढची दोन वर्षं काढली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचा निकाल होता. मी लाजेने मागच्या दाराने शिरलो. मधल्या टेबलासमोर गर्दी! सुट्टीवर आलेले मुंबईकर चाकरमानी एकमेकांना ढोसून दाखवत होते. "वा! ह्यां मात्र अगदी खऱ्यासारखा!" मी टाचा उंचावून बघितलं. टेबल रिकामंच होतं. त्यावर फक्त एक फळा उभा केलेला, आणि आदल्या दिवशी पाहुण्यांसमोर अब्रू राखायला आण्णांनी त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं:

'गाडी उशिराने येत आहे. प्रवाशांनी वाट पाहावी.'

हुबेहूब प्रतिकृतीचं पहिलं बक्षीस त्या फळ्याला मिळालं.